टाकी : माळ्यावर चढलेल्या पाण्याचा इतिहास

मराठीत ‘टाकी’ हा शब्द दोन वस्तूंसाठी वापरला जातो. पाथरवटाची छिन्नी ही एक, आणि घराच्या गच्चीवर किंवा न्हाणीघराच्या माळ्यावर बसवलेले पाणी साठवण्याचे पात्र ही दुसरी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, या म्हणीतली टाकी पहिल्या प्रकारची. अलीकडे वर्गात ही म्हण आली की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे गच्चीवरचे काळे प्लास्टिकचे पिंप उभे राहते आणि त्याचे घाव देवाने का सोसावेत हे त्यांना कळेनासे होते. शब्दाचा एक अर्थ दुसऱ्याला गिळतो तो असा.

मुळात मात्र हे दोन अर्थ एकमेकांना परके नसावेत. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे दगड फोडण्याचे हत्यार. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर आणि लेण्यांजवळ कातळात खोदलेल्या जलसाठ्यांना आपण ‘टाके’ म्हणतो. टाकीने खोदले ते टाके, अशी संगती लावण्याचा मोह होतो आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पश्चिम भारतातील लेण्यांच्या प्राकृत लेखांत अशा साठ्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कान्हेरीच्या लेखांत पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. इंग्रजीतला ‘टँक’ हा शब्द कोठून गेला याविषयी ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या प्रसिद्ध कोशानेही खल केला आहे : गुजराती-मराठी ‘टांकी-टांके’ हे त्याचे मूळ, की पोर्तुगीज ‘तांके’? बहुधा दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले असावेत. आम्हाला येथे एवढेच नोंदवायचे आहे की, जमिनीच्या पोटात असलेली ही वस्तू विसाव्या शतकात घराच्या डोक्यावर जाऊन बसली आणि जाताना आपले जुने नावही बरोबर घेऊन गेली.

हा वर चढण्याचा इतिहास बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरता मांडण्याचा आमचा विचार आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी टाकीत काय पाहायचे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, या मुलखात पाण्याचे भांडे जमिनीपासून किती उंचीवर आहे यावरून त्या घराचा कालव्याशी, जातीशी आणि बाईच्या कष्टाशी असलेला संबंध पुष्कळसा वाचता येतो. वाङ्मयाच्या इतिहासात आपण वाडा वाचतो, चाळ वाचतो. मग टाकी का वाचू नये?

पुणे जिल्ह्याचा हा आग्नेय कोपरा पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. दक्षिणेकडून नीरा, उत्तरेकडून भीमा, मधून कऱ्हा. नीरा-भीमेचा संगम इंदापूर तालुक्यातच नीरा नरसिंहपूरला होतो. नकाशावरच्या या निळ्या रेघांनी फसून जाऊ नये. कऱ्हेचे पात्र उन्हाळ्यात पाहिलेल्या माणसाला नदी आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगावे लागत नाही.

अशा मुलखातल्या घरात पाण्याचे मुख्य भांडे म्हणजे रांजण. तो निम्मा जमिनीत पुरलेला, म्हणजे उंची जवळजवळ शून्य. त्याच्याभोवती केवढी मोठी शब्दसंपदा उभी होती! आड, बारव, पाणवठा. पोहरा, रहाट, पखाल, कावड. घागर, कळशी, हंडा, चुंबळ. आणि ‘शेंदणे’ हे क्रियापद, ज्याला आज पर्यायी शब्दच नाही, कारण ती क्रियाच राहिली नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण अजून बोलण्यात आहे. पोहरा मात्र दाखवायचा म्हटला तर वस्तुसंग्रहालयात जावे लागेल.

रांजणाला आपल्या भक्तिपरंपरेत मानाचे स्थान आहे. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने प्रत्यक्ष भगवंत पाणी भरीत होते, अशी कथा सांगितली जाते आणि नाथषष्ठीला तेथला रांजण भरण्याचा विधी आजही होतो. या कथेचे सामाजिक वाचन करून पाहण्यासारखे आहे. घरचे पाणी भरणे हे काम इतके जड, इतके रोजचे आणि इतके न संपणारे होते की, देवाने येऊन ते केले तरच भक्ताच्या थोरवीची खूण पटावी! जनाबाईला दळू लागणारा विठ्ठल याच जातीचा. ज्या घरांत देव आला नाही त्या घरांत पाणी कोणी भरले, हे कथा सांगत नाही. ते आपल्याला ठाऊक असतेच.

थोडे गणित करू. नळ आणि फ्लशचे शौचालय असलेल्या शहरी घरासाठी भारतीय मानकाने दरडोई रोज १३५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला ६७५ लिटर. बारा लिटरची घागर धरली, तर छप्पन्न खेपा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी धरलेले ५५ लिटरचे प्रमाण घेतले तरी रोजच्या तेवीस खेपा होतात. जुन्या घरांत इतके पाणी वापरले जात नव्हते हे खरे; पण का वापरले जात नव्हते, याचे उत्तर या खेपांतच आहे. साधे राहणीमान म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्यातला बराच भाग घरातल्या बायकांच्या मानेच्या सोसण्याची मर्यादा होती.

वाड्यातली गोष्ट वेगळी. मोरोपंत (१७२९–१७९४) ज्या बारामतीत राहिले, वारले, त्या गावात कऱ्हेच्या काठी त्यांच्या आश्रयदात्याचा, बाबूजी नाईकांचा भक्कम वाडा आहे. त्या काळच्या मातबर घरांत चौकातला आड किंवा हौद ही ऐपतीची खूण असे. पुण्यात तर अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून नळ बांधून शहरात पाणी आणले गेले आणि पेठापेठांत हौद झाले. काळा हौद, बदामी हौद, नानाहौद ही नावे पुणेकरांच्या पत्त्यांत नंतर पुष्कळ काळ टिकली. हौद हे सार्वजनिक पाणी. पण ‘सार्वजनिक’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ आपण जपून घ्यायला हवा. त्या हौदावर सर्व जन येऊ शकत नव्हते.

म्हणूनच घरगुती पाण्याच्या इतिहासात आम्हाला १८६८ हे वर्ष सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी महात्मा फुले यांनी पुण्यातला आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. नगरपालिकेचा किंवा देवळाचा नव्हे, स्वतःच्या घरातला हौद! या कृतीचे वजन आज टाकीच्या युगात समजणे कठीण जाते, कारण आज कोणाच्या घरच्या पाण्याला कोण शिवले हा प्रश्नच दिसेनासा झाला आहे. दिसेनासा झाला म्हणजे सुटला असे नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे झाले ते सार्वजनिक पाण्याच्या हक्कासाठी. फुल्यांचा हौद खाजगी पाणी सार्वजनिक करण्यासाठी. पुढच्या शंभर वर्षांत घडले ते याच्या अगदी उलट. पाणी घरोघर गेले, गच्चीवर चढले, झाकणाखाली बंद झाले आणि पाणवठ्यावरचा संघर्ष पुष्कळ ठिकाणी मिटण्याऐवजी निरर्थक झाला. फलटणला राहिलेल्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात नीरेकाठच्या वीरगावच्या महारवाड्याचे जे चित्र रेखाटले आहे ते वाचलेल्या माणसाला जुन्या पाणवठ्याविषयी हळवे होणे जमणार नाही. आम्हालाही जमत नाही. त्यात आणखी एक भर घालायची, ती नारूची. पायऱ्यांच्या विहिरींत माणसे पाण्यात उतरत आणि त्याच पाण्यातून नारूचा कृमी पुढच्या माणसाच्या पोटात जाई. भारत नारूमुक्त झाल्याची घोषणा झाली ती २००० साली. बारवेच्या स्थापत्यावर लिहिताना तिच्या पायऱ्यांच्या सौंदर्याबरोबर हेही लिहिले पाहिजे.

याच वीरच्या बंधाऱ्यापासून नीरा डावा कालवा निघतो. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर त्याचे काम झाले आणि १८८५ च्या सुमारास पाणी सुटले. पुढे भाटघरच्या धरणाने त्याला बारमाही आधार दिला. १९२८ मध्ये त्या जुन्या धरणाची जागा मोठ्या लॉइड धरणाने घेतली. पुरंदर, बारामती, इंदापूर असा सुमारे शंभर मैलांचा हा कालवा. त्याने दोन्ही तालुक्यांचे उभे दोन तुकडे केले : बागायती आणि जिरायती. कालव्याखाली ऊस, कारखाने, बँका. कालव्याच्या वर सुपे, मोरगावकडची कोरडी गावे. कालव्याचे पाणी घरात थेट येत नव्हते, तरी पाझराने खालच्या विहिरींना पाणी टिकू लागले. (अति पाण्याने जमिनी चोपण झाल्या आणि हिवतापही वाढला, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) पाण्याच्या भांड्याच्या उंचीत फरक पडला तो येथपासून, आणि तोही लगेच नव्हे. त्याला घराचे छत आड येत होते.

छताचा हा मुद्दा आमच्या पाहण्यातल्या लेखनात सहसा येत नाही. या भागातले जुने घर माळवदाचे. लाकडी तुळया, त्यांवर आडवे सर, वर चिलारी आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. कमी पावसाच्या प्रदेशाला शोभणारे, उन्हाळ्यात गार राहणारे हे छत. पण त्यावर पाणी साठवणे म्हणजे घर पाडून घेणे. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन. माळवदावर पाण्याचा थेंब झिरपू नये यासाठी दरसाल माती टाकायची, आणि त्याच माळवदावर टनभर पाणी ठेवायचे, हे कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. पत्र्याच्या घराचीही तीच गत. म्हणजे टाकी वर चढण्यासाठी आधी सिमेंटचा स्लॅब यावा लागला आणि स्लॅब आला तो पुष्कळ अंशी उसाच्या पैशातून. टाकीचा इतिहास हा स्लॅबचा इतिहास आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तोवरच्या मधल्या पायऱ्या मनोरंजक आहेत. नगरपालिकेचा नळ दारात आला, पण दिवसातून तासभर. म्हणून मोरीच्या कोपऱ्यात विटा-सिमेंटची, आतून गिलावा केलेली, कमरेएवढी टाकी आली. तिच्या काठावर तांब्या आणि शेजारी तांब्याचा बंब. पाणी जमिनीपासून अडीच फूट वर आले; वाकणे कमी झाले. मग लोखंडी घोडीवर जस्ती पत्र्याची टाकी आली. तिला तोटी होती, पण काही वर्षांत तळाला गंज धरे. त्यानंतर न्हाणीघरावरचा पोटमाळा. पुण्या-मुंबईच्या सदनिकांतून ही पद्धत तालुक्याच्या गावांत आली : न्हाणीच्या दारावर काँक्रीटचा माळा, त्यावर दोन-तीनशे लिटरची टाकी, खाली शॉवर. उभ्याने आंघोळ करणे ही मराठी मध्यमवर्गाच्या जीवनातली केवढी मोठी क्रांती होती, याची नोंद आमच्या वाचनात कोणत्याही कादंबरीत ठळकपणे आलेली नाही. कोणाला आठवत असल्यास जरूर कळवावे.

१९७२ चा दुष्काळ हा पुढचा टप्पा. रोजगार हमीची कामे, सुकडी, खडी फोडणारी माणसे हे सारे आपल्या ग्रामीण साहित्यात आले. त्याच दशकात विंधन विहिरी वाढल्या, विजेची मोटार घराघरांत पोचू लागली आणि पाणी शेंदण्याऐवजी ‘चढवण्याची’ गोष्ट झाली. नेमक्या याच काळात, १९७५ मध्ये, गुजरातेतल्या कलोल येथील भारत विजय मिल्स या कापडगिरणीने प्लास्टिकचा विभाग सुरू केला. त्यातून आलेली ‘सिंटेक्स’ टाकी पुढे इतकी रुळली की, अनेक घरांत कोणत्याही कंपनीच्या टाकीला ‘सिंटेक्स’च म्हणतात. हे नाव ‘सिंटरिंग’ आणि ‘टेक्स्टाइल’ यांच्या जोडणीतून बनले. म्हणजे भट्टी आणि कापड यांची आठवण त्यात आहे. मूळ कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि टाक्यांचा व्यवसाय २०२३ मध्ये वेलस्पन समूहाकडे गेला. सामान्यनाम झालेले विशेषनाम टिकून राहिले.

ही टाकी काळीच का, याला कारण आहे. प्लास्टिकमध्ये काजळी मिसळली की उन्हातल्या अतिनील किरणांनी ते लवकर फुटत नाही आणि आत उजेड न गेल्याने शेवाळ धरत नाही. तोटा एकच : बारामतीच्या एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता ‘थंड’ पाण्याचा नळ सोडला तर हात भाजतो. पांढऱ्या किंवा अनेक थरांच्या टाक्या त्यासाठी निघाल्या. घेताना रंगापेक्षा भारतीय मानक १२७०१ ची खूण पाहावी, हे मात्र सांगण्यासारखे आहे. पुनर्वापराच्या प्लास्टिकची स्वस्त टाकी चार उन्हाळ्यांत तडकते.

आकारमानाचा विचार करताना आपण पाण्याचा नव्हे, भरवशाचा हिशोब करत असतो. पाच माणसांना रोज ६७५ लिटर. पाणी दिवसाआड येत असेल तर त्याच्या दुप्पट. कालव्याचे आवर्तन लांबेल अशी धास्ती असेल तर आणखी एक टाकी. इंग्लंडमध्ये माळ्यावरच्या थंड पाण्याच्या टाकीचा जन्म असाच झाला. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या पाणीकंपन्या ठरावीक वेळच पाणी सोडत, म्हणून घरोघर टाक्या आल्या. पाणी अखंड येऊ लागल्यावरही त्या तेथे शंभर वर्षे माळ्यावर राहिल्या, शिशाच्या होत्या त्या जस्ती झाल्या, जस्ती होत्या त्या प्लास्टिकच्या, आणि आता नव्या घरांतून त्या नाहीशा होत आहेत. आपल्याकडे उलट क्रम चालू आहे. प्रत्येक नवे घर आधीच्या घरापेक्षा मोठी टाकी बसवते. नळाला पाणी आले की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि गल्लीच्या शेवटच्या घराला धार बारीक येते; मग तेही मोठी मोटार आणि मोठी टाकी घेते. शेजाऱ्याचे पाणी ओढून घेणारे हे शस्त्र आहे, आणि ते आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याला शस्त्र म्हटलेले अनेकांना आवडणार नाही.

टाकी बदलण्याची वेळ आली की घराचा इतिहास उघडा पडतो. जुन्या माळ्यावरची टाकी अनेकदा दाराची चौकट बसण्यापूर्वी ठेवलेली असते; ती सबंध बाहेर निघत नाही. करवतीने कापून तुकड्यांनी काढावी लागते आणि नवी टाकी, दारातून जाईल एवढीच, म्हणजे जुनीपेक्षा लहान घ्यावी लागते. काही जण दोन लहान टाक्या नळीने जोडून घेतात, तो चांगला उपाय. गच्चीवर जागा मोकळी असते. पण तेथे टाकी स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा भिंतीवर भार येईल अशी, आणि तळ सबंध टेकेल अशा ओट्यावर ठेवायला हवी. विटांच्या चार ढिगांवर ठेवलेल्या टाकीचा तळ पोटासारखा लोंबू लागतो. झाकण वाऱ्याने उडते म्हणून त्यावर दगड ठेवतात. दगडाने झाकण फुटते. फुटलेल्या झाकणातून डास आत जातात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, त्यामुळे आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणून आरोग्य कर्मचारी सांगत येतात तेव्हा रांजण आणि टाकी यांच्यात भेद करत नाहीत. गच्चीवर चढून पाहण्याचा आळस मात्र टाकीच्याच वाट्याला येतो. रोज नजरेसमोर असलेला रांजण बाई घासत असे. डोळ्याआड गेलेली टाकी वर्षानुवर्षे कोणी घासत नाही.

कालव्याच्या वरच्या अंगाला हीच काळी टाकी वेगळ्या उंचीवर भेटते. जिरायती गावांत ती पुष्कळदा चौकात, जमिनीलगतच्या ओट्यावर असते. उन्हाळ्यात टँकर येऊन तिच्यात पाणी ओततो आणि भोवती हंडे-कळश्यांची रांग लागते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत बारामती आणि इंदापूर हे दोन्ही होते. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच कारखान्यात बनलेली टाकी बागायतीत तिसऱ्या मजल्यावर आणि जिरायतीत गुडघ्याएवढी. उत्तरेला याहून विपरीत चित्र. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याखाली इंदापूर तालुक्यातली भीमाकाठची गावे गेली. जुन्या पळसदेवचे मंदिर धरणातले पाणी खूप उतरले की वर दिसते. ज्यांची घरे, आड आणि रांजण पाण्याखाली गेले, त्यांना नव्या गावठाणात पाणी साठवण्याची सोय पहिल्यापासून करावी लागली.

वर्षातून एकदा मात्र टाक्यांचे पाणी खाली उतरते. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीला जाते, तेथे पादुकांना नीरास्नान होते. या वाटेवरच्या घरांतून गच्चीवरच्या टाकीला नळी जोडून तिचे दुसरे टोक अंगणात सोडलेले असते आणि वारकरी तेथे आंघोळी करतात, कपडे पिळतात. आदल्या रात्री मोटार लावून टाकी काठोकाठ भरायची आणि नळीचे तोंड कोणाला धरावे लागू नये म्हणून ते फाटकाला सुतळीने बांधून ठेवायचे, अशी रीत आहे.

आणि जुन्या टाकीचे काय होते? माळ्यावरची तुकडे होऊन भंगारात जाते. गच्चीवरची, तडकलेली पण सबंध असेल, तर तिला या भागात भंगारवाल्याआधीच गिऱ्हाईक भेटते. आडवी कापून तिच्या दोन गव्हाणी होतात. तळाच्या अर्ध्या भागात म्हशीचे पाणी आणि वरच्या अर्ध्या भागात, तोंडाचे भोक पत्र्याने बुजवून, वैरण.